वर्गात मोबाईल, टीव्ही, प्रोजेक्टर: सोलापूरकडच्या शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, चहाच्या वेळेला, नाहीतर रात्री साडेनऊला फोन करून आपले शिक्षक बांधव आणि बाई जे प्रश्न विचारतात तेच इथं एकत्र लिहिलेत. उत्तरं माझ्या जिल्हा परिषद शाळेच्या वर्गातली आहेत. तुमची पटसंख्या वेगळी, पोरं वेगळी, तेव्हा जमेल तसं बदलून घ्या.

तंत्रज्ञान वापरायचं म्हणजे नेमकं करायचं काय हो सर?

आधी पोरगं कुठं अडलंय ते बघायचं, मोबाईल नंतर काढायचा. एवढा क्रम पाळला तरी निम्मं काम होतं.

एक तास सांगतो. सहावीच्या वह्या तपासत होतो, १/२ + १/३ चं उत्तर निम्म्या वह्यांत २/५. लाल पेनानं चुकीची खूण मारून वह्या परत दिल्या असत्या तर पुढच्या आठवड्यात पण तेच आलं असतं. मग एका वहीचा फोटो काढला, नाव दिसणार नाही असा कापला, टीव्हीवर लावला आणि एवढंच विचारलं की हे उत्तर कसं आलं असेल? एक पोरगा म्हणला, वरचं वर मिळवलं, खालचं खाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन मिनिटं तशीच गेली आणि मागच्या ओळीतली एक मुलगी उठून म्हणली, पण सर २/५ तर अर्ध्यापेक्षा कमी हाय, अर्ध्यात आणखी घातल्यावर कमी कसं होईल?

तास तिथं सुरू झाला बघा. डब्यातली कडक भाकरी काढली आणि मोडायला सांगितली, ती कडकड मोडली पण तुकडे काय सारखे झाले नाहीत, त्यावरनं पोरांत वाद लागला की हा तिसरा भाग म्हणायचा का नाही. सारखे भाग का लागतात ते त्या भाकरीनं शिकवलं. मग फेटचं अपूर्णांकाचं सिम्युलेशन, म्हणजे बोटानं हलवून बघता येणारं चित्र, उघडलं, तिथं एकाच आकाराचे ६ सारखे भाग करता येतात, त्यातले ३ आणि २ मिळून ५ होतात हे पोरांनीच येऊन बोटानं ओढून दाखवलं. अख्ख्या तासात स्क्रीन फारतर ७-८ मिनिटं चालू होती.

फेट म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प, कार्ल वाईमन या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञानं २००२ मध्ये सुरू केलेला. फुकट आहे, बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत आणि डाऊनलोड करून नेटशिवाय चालतात.

आमच्या शाळेत माझा एकट्याचा मोबाईल आहे, त्यावर काय होणार?

भरपूर होतं. वरचा तास एका मोबाईलवर आणि लोकवर्गणीतल्या टीव्हीवर झालेला आहे. टीव्ही नसेल तर वर्गभर पोरांना मोबाईलची स्क्रीन दाखवत फिरू नका, त्याचा उपयोग नाही. त्यापेक्षा मोबाईल कॅमेरा म्हणून वापरा, रेकॉर्डर म्हणून वापरा. पोराचं वाचन जूनमध्ये १ मिनिट रेकॉर्ड करा, परत दिवाळीनंतर करा, मार्चमध्ये करा, आणि तिन्ही त्याला एकामागून एक ऐकवा. मी हे दरवर्षी करतो. अक्षरं जुळवत अडखळणारा स्वतःचा जूनचा आवाज ऐकून पोरगं हसतं आणि मग गप्प होऊन मार्चचा परत ऐकव म्हणतं.

द्विशिक्षकी शाळा असेल, दोन-तीन वर्ग एकत्र बसत असतील, तर छोटा चार्जिंगचा स्पीकर घ्या. तिसरीला कोपऱ्यात गोष्ट ऐकायला बसवायचं, हातात त्याच गोष्टीचं पुस्तक, ऐकत ऐकत बोट फिरवायचं, तेवढ्यात तुम्ही चौथीचा भागाकार घ्या. गोष्टी कुठनं आणायच्या तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, २०१५ पासून चालू आहे, मराठीत ढिगानं गोष्टी आहेत, डाऊनलोड करता येतात आणि छापून वाटल्या तरी चालतं, परवाना खुला आहे.

वर्गातल्या सगळ्यांना कळलं का हे एका झटक्यात बघायचं असेल तर प्लिकर्स नावाचं ॲप बघा. प्रत्येक पोराच्या हातात एक छापलेलं कार्ड, ते चारपैकी ज्या बाजूनं धरेल ते त्याचं उत्तर, आणि तुम्ही मोबाईलचा कॅमेरा वर्गावरनं फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते समजतं. लाजरी पोरं कधी हात वर करत नाहीत ना, ती पण कार्ड धरतात. छपाई जमत नसेल तर पुठ्ठ्यावर अ ब क ड लिहून द्या आणि नुसत्या नजरेनं बघा, तत्त्व तेच आहे.

लाईट नाही, रेंज नाही, मग?

घरून डाऊनलोड करून न्या. दीक्षा या शालेय अभ्यासाच्या सरकारी ॲपवर आशय मोबाईलमध्ये उतरवून ठेवता येतो, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, वरची सिम्युलेशन्स आणि गोष्टी पण तशाच. रविवारी रात्री आठवड्याचं उतरवून ठेवायची सवय लावा, वर्गात जाऊन शोधत बसलं की दहा मिनिटं गोल फिरणारं चाक बघण्यात जातात आणि पोरं हातची सुटतात.

एप्रिलचं वेगळं सांगायला नको, पारा ४२-४३ ला गेला की पत्र्याच्या खोलीत प्रोजेक्टर तापून बंद पडतो. सकाळच्या शाळेत पहिल्या तासाला जे दाखवायचं ते दाखवून घ्या.

पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून व्हिडिओ लावतो, पोरं एकदम शांत बसतात, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर काहीच सांगता येत नाही. असं का?

कारण शांत बसणं आणि शिकणं वेगळं. व्हिडिओ सलग लावला की पोरं टीव्ही बघितल्यासारखी बघतात. ५ मिनिटांच्या व्हिडिओला मी २० मिनिटं घेतो. आधी आवाज बंद करून ४० सेकंद दाखवतो, काय चाललंय ते पोरं सांगतात. मग आवाजासकट. मग ऐन मोक्याला थांबवायचं, पुढं काय होईल ते वहीत एका ओळीत लिहायचं, आणि लिहिल्याशिवाय पुढं लावायचं नाही. बियाणं भिजत घातलेल्या व्हिडिओत आधी मूळ येईल का कोंब यावर आमच्या चौथीत दोन पार्ट्या पडल्या होत्या, पण ज्यांचं चुकलं त्यांनाच ते सगळ्यात जास्त लक्षात राहिलं. आणि दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर पुस्तक न उघडता ३ प्रश्न. आठवायला लावलं की टिकतं, परत दाखवून तेवढं टिकत नाही.

क्यूआरचा विषय निघाला की आपल्या जिल्ह्याचं नाव निघतंच. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी, २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार, १० लाख डॉलर, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या ९ शिक्षकांना वाटून दिली. सगळ्यांना त्यांचे कोड आठवतात. मला त्यांच्या कामातलं मोठं वाटतं ते हे, की पोरांना पुस्तकाची भाषाच कळत नाही हे त्यांनी आधी हेरलं, स्वतः कन्नड शिकले, धडे त्या भाषेत नेले, आणि मग ते पोरापर्यंत पोचवायला कोड आला. आपण बऱ्याचदा उलटं करतो, कोड आधी चिकटवतो.

आमच्याकडं निम्म्या पोरांच्या घरी मराठी नाही. ॲप सगळी मराठी नाहीतर इंग्रजी.

हा सोलापूरचा खरा प्रश्न आहे आणि याच्यावर मी मनापासून लांब लिहिणार आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडं घरात कन्नड, शहरात पूर्व भागात विणकर घरांत तेलुगू, कुठं उर्दू, कुठं लमाणी. पहिलीतलं पोरगं वर्गात गप्प असलं की आपण त्याला कच्चं म्हणून लिहून टाकतो. ते कच्चं नसतं, त्याला शब्द नसतात.

तयार ॲप शोधत बसू नका, आपणच तयार करा. आम्ही काय केलं, पाठ्यपुस्तकातली ३० चित्रं घेतली, प्रत्येक चित्राला आधी घरच्या भाषेत शब्द, मग मराठीत, असं पोरांच्या आज्यांकडून आणि मोठ्या भावंडांकडून व्हॉट्सॲपवर आवाज मागवले. विहिरीचं चित्र, कन्नडमध्ये 'बावि', मग मराठीत 'विहीर'. सगळे आवाज एका पेनड्राईव्हवर, पेनड्राईव्ह स्पीकरला. पहिल्या दिवशी स्वतःच्या आजीचा आवाज शाळेच्या स्पीकरमधनं आल्यावर एक पोरगी उभीच राहिली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती वर्गात बोलली, ते पण अर्धं कन्नड अर्धं मराठी. मी दुरुस्त केलं नाही. डिसेंबरपर्यंत मराठी आपोआप वाढली.

गोष्टींचं पण तसंच, स्टोरीवीव्हरवर तीच गोष्ट कन्नड, तेलुगू, उर्दूतनं सापडते, दोन्ही शेजारी ठेवा. आणि दीक्षावर दुसऱ्या राज्यांचा आशय पण आहे, कर्नाटकाचा कन्नडमधला व्हिडिओ आपल्या पोराला संकल्पना समजायला चालतो की, त्यात कमीपणा कसला.

गणितात खऱ्या आयुष्यातलं उदाहरण द्या म्हणतात, आणायचं कुठनं?

उजनी धरण. दुसरं काही शोधू नका.

आपल्या पोरांना ऋण संख्या पुस्तकात भेटायच्या आधी घरात भेटलेली असते, उन्हाळ्यात बाप म्हणतो धरण मायनसमध्ये गेलं. मी सातवीला विचारलं, पाणी मायनस कसं असतं, धरणात खड्डा पडतो का? कुणालाच सांगता येईना. मग आकडे घेतले. उजनीत एकूण पाणी मावतं साधारण ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातलं ६४ च्या जवळपास मृतसाठा, म्हणजे दाराच्या खालचं पाणी, आणि वरचं ५३ च्या जवळपास उपयुक्त. टक्केवारी मोजतात ती त्या ५३ वर. मृतसाठा भरला की शून्य टक्के. आता समजा धरणात ४८ टीएमसी उरलं, म्हणजे शून्याच्या रेषेखाली १६, १६ भागिले ५३, साधारण उणे ३० टक्के. एवढं फळ्यावर झालं की पोरांना एकदम कळलं की उणे म्हणजे पाणी संपलं असं नाही, शून्य कुठं मानलाय त्यावर सगळं आहे.

इथं तंत्रज्ञान कुठं, तर रोजची टक्केवारी मोबाईलवर येते, ती पोरं तक्त्यात लिहितात, महिन्यानं स्प्रेडशीटमध्ये भरून आलेख काढतात. आधी आलेख कागदावर हातानं काढायचा बरं का, नाहीतर बटण दाबल्यावर काय झालं ते कळत नाही. आणि गुगल अर्थच्या टाईमलॅप्समध्ये १९८४ पासूनची उपग्रहाची चित्रं आहेत, त्यात उजनीचा फुगवटा पसरतो आणि आटतो ते दिसतं. हे बघताना एक पोरगं म्हणलं आमचं जुनं गाव हितं खाली हाय. तो तास मग गणिताचा राहिला नाही, इतिहासाचा झाला, आणि मी होऊ दिला.

कॉम्प्युटर लॅब नाही, कोडिंग कसं शिकवायचं?

चादर घ्या. सोलापुरी चादर, २००५ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, प्रत्येकाच्या घरात आहे. तिच्यावरचं फूल जवळून बघायला लावा, गोल दिसणारी पाकळी खरं तर पायऱ्या-पायऱ्यांची आहे. चौकटीच्या कागदावर नक्षी काढतात, एक चौकट भरली म्हणजे दोरा वर, रिकामी म्हणजे खाली. जेकार्ड मागावर हेच भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर जातं, भोक आहे का नाही, एवढे दोनच पर्याय. जोसेफ जेकार्डनं फ्रान्समध्ये हा माग १८०४ च्या सुमारास आणला आणि पुढं चार्ल्स बॅबेजनं त्याच्या गणकयंत्रासाठी पुठ्ठ्यांची तीच कल्पना उचलली. म्हणजे ज्या पोराचा बाप मागावर कामाला जातो त्याच्या घरी कॉम्प्युटरचा पूर्वज चालतोय. हे सांगितल्यावर त्या पोराचा चेहरा तुम्ही बघाच एकदा.

आता वर्गात करायचं हे: ८ बाय ८ चा चौकटींचा कागद, एक पोरगं नक्षी काढणार, दुसऱ्याला न दाखवता नुसतं १ आणि ० मध्ये ओळ वाचून दाखवणार, दुसऱ्यानं भरायचं. चूक झाली की कुठल्या ओळीत झाली ते दोघांनी मिळून शोधायचं. चूक शोधणं हेच तर कोडिंगचं निम्मं काम. यानंतर एखादा कॉम्प्युटर मिळालाच तर स्क्रॅच हे पोरांसाठीचं कोडिंगचं सॉफ्टवेअर उघडा, पोरं पटापट पुढं जातात.

या सगळ्यानं खरंच फरक पडतो का, का नुसतं दाखवायला?

दोन्ही बाजूचा पुरावा आहे. पेरू देशात सरकारनं गावोगावच्या शाळांत पोरांना लॅपटॉप वाटले, अभ्यासकांनी तपासलं, गणित आणि भाषेत फरक सापडला नाही. उलट दिल्लीत माईंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरवर शाळा सुटल्यावर केंद्रात येणाऱ्या पोरांचा अभ्यास झाला, त्यात साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगली वाढ दिसली. फरक कशात होता तर दिल्लीत सॉफ्टवेअर आधी पोराची पातळी तपासायचं, सातवीतलं पोरगं तिसरीच्या वजाबाकीवर अडलं असेल तर तिथूनच सुरुवात करायचं, शिवाय शिकवणारा माणूस पण सोबत होता. हे तत्त्व टॅबशिवाय पण पाळता येतं, आपण निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेत स्तरानुसार गट करतो ते हेच की.

लोकवर्गणीतून ५० हजार जमलेत, काय घ्यावं?

आधी काय घेऊ नये ते सांगतो. १० टॅब घेऊ नका. एका शाळेत मी बघितलंय, कपाटात टॅब कुलूपबंद, फुटला तर भरून कोण देणार म्हणून कुणी काढेना, दोन वर्षांत बॅटऱ्या फुगल्या. देणाऱ्यानं प्रेमानं दिलेले होते, वाईट वाटलं बघून.

माझं मत विचाराल तर एक बऱ्यापैकी टीव्ही, एचडीएमआय केबल लांब घ्या, दोन चार्जिंगचे स्पीकर, मोबाईलला उभं धरायचा स्टँड, म्हणजे वही किंवा प्रयोग वरनं टीव्हीवर थेट दाखवता येतो, आणि एक इन्व्हर्टर. उरलेल्यात पुस्तकं आणा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दुरुस्तीसाठी वर्षाचे थोडे पैसे बाजूला ठेवायचा ठराव करून घ्या, हे कुणी करत नाही आणि बल्ब गेला की प्रोजेक्टर कायमचा झाकून पडतो.

पालक म्हणतात, आधीच मोबाईलचा नाद, त्यात शाळेनं पण तेच?

त्यांचं बरोबर आहे. असर या ग्रामीण पोरांच्या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाची स्मार्टफोन वापरता येणारी ८० टक्क्यांच्या वर पोरं, त्यातल्या ५७ टक्के पोरांनी आदल्या आठवड्यात अभ्यासाचं काहीतरी केलं होतं आणि सोशल मीडिया ७६ टक्क्यांनी वापरला होता. म्हणून मी पहिली-दुसरीला घरी मोबाईलवरचा अभ्यास देतच नाही. मोठ्यांना देतो तो असा की मोबाईल ५ मिनिटांत खाली ठेवावा लागेल, म्हणजे आजीला विचारून तिच्या लहानपणच्या दुष्काळाची आठवण २ मिनिटं रेकॉर्ड कर, बाकी वहीत लिही.

ग्रुपवर अभ्यास टाकतो, पण निम्मे पालक बघतच नाहीत.

घरातला मोबाईल कुणाकडं असतो आणि कधी घरी येतो ते विचारलंय का एकदा? आमच्याकडं बऱ्याच आया विड्या करतात, हजाराच्या हिशोबावर पैसे, हात एक मिनिट मोकळा नसतो, आणि मोबाईल बापासोबत रात्री ८ ला येतो. चार पानांची पीडीएफ कोण उघडणार. मी ४० सेकंदांचा आवाजी मेसेज टाकतो, साध्या भाषेत, "ताई, आज पोराला विड्यांची २५ ची जुडी मोजायला सांगा, अशा ४ जुड्या किती ते विचारा." काम करता करता ऐकता येतं. उत्तर पण आवाजातच येतं, मागनं पोराचा पाढा ऐकू येतो.

एआय वापरावं का?

तुम्ही वापरा, पोरांच्या हातात लगेच देऊ नका, बऱ्याच ॲपच्या अटींतच १३ वर्षांखाली चालत नाही असं लिहिलंय. मला त्याचा उपयोग होतो तो एकाच गणिताची तीन पातळ्यांची रूपं करायला, नाहीतर धड्यावर प्रश्न काढायला. पण तपासल्याशिवाय छापू नका. एकदा एका ॲपनं आपल्या जिल्ह्याचे तालुके १२ सांगितले आणि त्यात शेजारच्या जिल्ह्याचा एक घुसवला. ते उत्तर मी तसंच आठवीसमोर ठेवलं आणि म्हणलं चूक शोधा. पोरांनी ११ तालुके बोटावर मोजून पकडलं. आता कुणी काही मोबाईलवरचं सांगितलं की वर्गातनं आवाज येतो, कुठं लिहिलंय, दाखव.

पोरांचे फोटो, व्हिडिओ टाकले तर चालतात ना?

पालकांना विचारून, आणि शक्यतो चेहरा-नाव एकत्र नको. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो. चुकलेली वही दाखवायची तर नाव झाकायचंच, कायदा नसता तरी.

माझी निवृत्तीला तीन वर्षं राहिली, मला हे जमेल का आता?

हा प्रश्न एका बाईंनी शिक्षण परिषदेत विचारला होता, सगळ्यांदेखत, आणि विचारताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. त्यांना मोबाईलवर फोन घेणं आणि करणं एवढंच यायचं. पण त्यांच्यासारखी कविता म्हणणारं आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, कुणी नाही, चाल लावून, हातवारे करून, पोरं तोंड उघडी टाकून ऐकतात. मी त्यांना एकच गोष्ट शिकवली, रेकॉर्डचं लाल बटण. त्यांनी घरी बसून, पंखा बंद करून, पहिली ते चौथीच्या कविता म्हणल्या, एकेक तीन-तीनदा, मनासारखी होईपर्यंत. जुन्या जात्यावरच्या ओव्या पण त्यात घातल्या.

त्या आता निवृत्त झाल्या. केंद्रातल्या शाळांमध्ये परिपाठाला त्यांचा आवाज लागतो, आणि त्यांनी कवितेच्या मधे "म्हणा की रे मोठ्यानं" असं म्हणलंय तिथं पोरं अजून मोठ्यानं म्हणतात.